चिलटांचा खांब

माघ सरत आला की आमच्या घरामागे, नदीच्या कोंडीवर, तिन्हीसांजेला चिलटांचा खांब उभा राहतो. खांबच म्हणायचा तो. पुरुषभर उंच, आत हजारो चिलटं खालीवर खालीवर, आणि वारा पडलेला असला तर जागचा हलत नाही. परवा सूनबाई लगबगीनं खिडक्या लावायला लागली.

"मामंजी, डास आले."

"डास नव्हेत ते. चिलटं आहेत. चावत नाहीत."

"दिसतात तर डासासारखीच."

"तुझा नवराही दिसायला माझ्यासारखाच आहे. म्हणून मी सांगितलेलं एक तरी काम करतो का?"

ती हसली, पण खिडकी लावलीच. आताशा पंचायतीची धुराची मशीन फिरते गावात. माझ्या परसात ती येत नाही. आणणाऱ्याला ठाऊक आहे, म्हातारा वाटेत आडवा उभा राहील. लोक म्हणतात, सखाराम हट्टी. आहेच. चौथीपर्यंत शाळेत गेलो, त्यातलंही निम्मं वर्ष गुरांमागे गेलं. पुष्कळ गोष्टींत मला कोणीही शिकवावं, मी ऐकून घेईन. या एका गोष्टीत नाही. ही मी गुडघाभर पाण्यात उभं राहून शिकलोय, आणि ते पाणी इथलं नव्हतं. बहरीनचं होतं.

वाळवंटात कसलं पाणी, असं इथे सगळे विचारतात. मीही जाताना तेच म्हटलं होतं. पण झल्लाकच्या वाटेवर, समुद्रापासून जरा आत, खजुराची एक जुनी बाग होती आणि बागेच्या पोटात एक झरा. गोल, दगडानं बांधलेला, तळ दिसेल इतका स्वच्छ. पाणी कोमट, जिभेला किंचित खारट. तिथून पाट निघायचा, आपल्याकडे पोफळीच्या बागेत असतो तसाच, आणि खजुरांच्या रांगांमधून वळत वळत लसूणघासाच्या वाफ्यांत जायचा. पाटाचा गाळ काढायचा, दारं फोडायची, बांधायची, कमी पडलं तर पंप चालू करायचा, हे माझं काम. नव्वद सालानंतरची ती वर्षं. मालक हाजी. आम्ही त्याला अरबाब म्हणायचो. पंच्याहत्तरीचा म्हातारा, स्वतः कधी काळी त्याच पाटात गुडघाभर उभा राहिलेला. म्हणून आमचं जमायचं. बोलणं मोडक्या हिंदीत. त्याचीही मोडकी, माझीही मोडकी, त्यामुळे कोणी कोणाला हसायचं नाही.

मला आठवतो तो एकच मोसम. थंडी सरत होती. खजुराची नर झाडं फुलोऱ्यावर आली होती, त्यांचा तो वास, ओल्या पिठासारखा, सकाळभर नाकात बसलेला असायचा. उत्तरेचा वारा दुपारी पडायचा. मग ऊन पिवळं होत होत पाटावर तिरकं यायचं, बुलबुल भांडून भांडून गप्प व्हायचे, आणि कुठूनही आवाज न येता पाण्यावर तो खांब उभा राहायचा. एक नाही, वळणावळणाला एकेक. पहिल्या वर्षी मीही डासच समजलो होतो. डोक्याला टॉवेल गुंडाळून काम करायचो. मग एके दिवशी टॉवेल विसरलो आणि बघतो तर काय, तासभरात एक चावा नाही.

तेव्हापासून मला नादच लागला. गाळ काढताना फावड्यावर तांबड्या अळ्या यायच्या, शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या, रक्तासारख्या लाल. त्या गाळातच राहतात. दिवस भरले की तिथून सुटतात आणि हळूहळू वर येतात. पण पाण्यातून बाहेर पडायच्या आधी अगदी वरच्या पडद्याखाली लटकून राहतात. अंगावर चांदीचा मुलामा दिल्यासारख्या दिसतात तेव्हा. थांबतात. जणू बाहेर जावं की नको याचा विचार चाललाय. मग पाठ उकलते, आणि डोळा लवायच्या आत चिलट पाण्यावर उभं! कात तिथेच तरंगत राहते. सकाळी पाटाच्या कोपऱ्यात त्या कातींचा फेसासारखा थर जमलेला असायचा. मी पाटाच्या कडेला पोटावर झोपून हे बघायचो. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, रफीकला ऊन लागलं. तिकडे आम्हां सगळ्याच परक्या कामगारांना रफीक म्हणायचे.

माशांना मात्र हे सगळं माझ्या आधीपासून ठाऊक होतं. पाटात बुल्टी होते, तळहाताएवढे काळपट मासे, कोणी तरी कधी तरी सोडलेले. एरवी तळाशी शेवाळ ओरबाडत बसायचे. पण चिलटं वर यायला लागली की सगळे वर. आणि गंमत ही की उडालेल्या चिलटाच्या मागे एकही लागायचा नाही. ते पकडायचे लटकलेलं. थांबलेलं. जे ना गाळातलं राहिलं, ना हवेतलं झालं, त्यालाच मासा गाठतो. परदेशात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको.

शुक्रवारी एक इंग्रज साहेब यायचा. सित्र्याकडे कुठल्याशा कारखान्यात मोठा होता, हाजीच्या ओळखीचा. त्याच्याकडे काठी अशी की फुंकरीनं वाकेल, आणि पत्र्याची एक डबी. डबीत खण, खणात पिसांच्या माशा. माशा म्हणजे घरात फिरतात त्या. गळाला पिसं, केस, दोरे बांधून केलेल्या. काय हात होता त्याचा! पंख, मिशा, शेपटीचे दोन केस, सगळं जिथल्या तिथे. त्याच्या गावी ओढा आहे, त्यात अंगावर ठिपके असलेला ट्राउट नावाचा मासा आहे, आणि कुठल्या महिन्यात पाण्यातून कुठला किडा उठतो त्याप्रमाणे तिथली माणसं गळाला कुठली माशी लावायची ते ठरवतात, असं तो सांगायचा. हे मला समजावलं इब्राहिमभायनं. इब्राहिमभाय दापोलीकडचा, बागेतली भाजी पिकअपमध्ये घालून गुदैबियाच्या दुकानांत पोचवायचा. इंग्रजी, अरबी, हिंदी सगळं बोलायचा, आणि सगळ्या भाषांत माझी टिंगल करायचा.

साहेब बुल्ट्यांवर माशा टाकायचा. सुंदर तरंगायच्या. मासे खालून येऊन बघायचे आणि माघारी जायचे. मग तो एक पुस्तक काढायचा, पान उलटायचा, दुसरी माशी लावायचा. तीही सुंदर. तिच्याकडेही मासे बघायचे.

"काय म्हणतो पुस्तकात?" मी इब्राहिमभायला विचारलं.

"म्हणतो, या माशीला मासा येतोच."

"मग माशाला वाचून दाखव म्हणावं."

इब्राहिमभाय इतका हसला की साहेबानं पुस्तक मिटून विचारलं, काय झालं. त्यानंही सांगून टाकलं! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण साहेब चिडला नाही. डबीतला सगळ्यात लहान, मोकळा गळ काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. म्हणजे, तू करून दाखव.

दाखवणार होतोच. इब्राहिमभायच्या मफलरचा तांबडा धागा ओढला. "अरे, बायकोनं विणलेला आहे तो!" "मग बारीक विणला असेल, माशाला आवडेल." गळाच्या दांड्यावर धागा गुंडाळला, वर जळलेल्या मोटरीतली केसाएवढी तांब्याची तार विरळ विरळ फिरवली. चमक आली आणि वजनही आलं. डोक्याशी पांढऱ्या लोकरीचा एक तुरा, असला नसला. पंख नाहीत. मिशा नाहीत. दिसायला कसलं ध्यान! झावळीच्या दांड्याला दोरी बांधून टाकला, तो बोटभर बुडाला आणि थांबला. मी ओढला नाही, हलवला नाही. पाण्यावर एक वळी उठली आणि दोरी ताठ.

दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही. साहेबानं ते ध्यान बोटांत धरून पुष्कळ वेळ पाहिलं आणि नाव विचारलं. नाव कसलं? चिलटाला कोणी नाव ठेवतं? त्यानं पुस्तकाच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीनं त्याचं चित्र काढून घेतलं. छापलेल्या पुस्तकात माझ्या हातचं काही आलं असेल तर ते तेवढंच. मला पुरे.

हे सगळं मजेत चाललं होतं, तोवर हाजीचा मुलगा यासीन ड्रम घेऊन आला.

यासीन बाहेर शिकून आलेला. बापाची बाग तोट्यात आहे हे त्याला कळत होतं, आणि खोटं नव्हतं ते. त्यानं पाटाकाठी छपऱ्या बांधायला काढल्या होत्या. मनामा शहरातली कुटुंबं सुट्टीला येतील, बसतील, भाडं देतील. पण ती येणार संध्याकाळी, आणि संध्याकाळी तर खांब. म्हणून ड्रम. निळा, त्यावर कवटीचं चित्र. गुरुवारी झऱ्याच्या तोंडाशी ओत, म्हणाला, मच्छर खलास.

"मच्छर मफी," मी म्हटलं. मफी म्हणजे नाहीत. "ये काटता नहीं."

"मैंने पूछा क्या?"

"पूछा नहीं. मैं बताता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मारायला उठलेल्या बैलाकडे पाहावं तसं. मी ओतणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर सांग, पण पाटाची दारं माझ्या हातात आहेत, मी बांधून टाकीन. तो शांतपणे म्हणाला, "तेरा वीजा किसके हाथ में है?" वीजा म्हणजे काय हे आखातात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. घरी दोन पोरींची लग्नं व्हायची होती आणि घराच्या भिंती खिडक्यांपर्यंत येऊन थांबल्या होत्या.

इब्राहिमभायनं मला बाजूला घेऊन झापलं. "गाववाले, अक्कल कुठे गहाण टाकलीस? पाणी त्याचं, ड्रम त्याचा, चिलटंही त्याचीच म्हण. तुझं काय जातं?"

माझं काय जातं ते मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतो. विशीत असताना आम्ही चौघांनी आमच्या याच नदीच्या कोंडीत रामेठ्याची विषारी साल ठेचून घातली होती. उन्हाळा होता, पाणी थांबलेलं. घटकाभरात मासे पोटं वर करून तरंगायला लागले. टोपल्या भरल्या, वाडीभर वाटले, आम्ही मोठे शूर. पुढच्या माघात त्या कोंडीवर खांब उभा राहिला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. परत यायला त्याला कित्येक वर्षं लागली. संध्याकाळी तिथे गेलं की पाणी नुसतं पडून असायचं, घरातलं माणूस गेल्यावर त्याची खाट पडून असते तसं. कोणी आम्हांला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. तर विष काय करतं हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी घातलेलं आहे. एकदा घातलं ते पोरवयात. पन्नाशीत, डोळे उघडे ठेवून, कोणाच्या हुकमावरून घालायचं, हे होणं नव्हतं. वीजा गेला चुलीत.

मी थेट हाजीकडे गेलो. म्हटलं, अरबाब, आज संध्याकाळी मी उघडा पाटावर बसतो. एक जरी चावा आला तर ड्रम मीच ओततो. म्हातारा काठी टेकत उठला. "मैं भी बैठेगा," म्हणाला.

आम्ही दोघे बाह्या खांद्यापर्यंत सारून पाटाच्या दगडावर बसलो. मी मराठी, तो अरब. मी नोकर, तो धनी. पण चार उघडे हात एका रांगेत ठेवले की सुरकुत्यांशिवाय काही दिसत नाही. यासीन गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभा. खांब उठला. आमच्याभोवतीच उठला. चिलटं कानांत, पापण्यांवर, हाजीच्या पांढऱ्या दाढीत. अंगाला लागायची ती कोणी लांबून फुंकर घातल्यासारखी. मगरिबची बांग झाली तेव्हा हाजीनं दोन्ही हात उलटेसुलटे करून मुलापुढे धरले. कोरे करकरीत. "ये तो बस दाढ़ी में घर बनाता है," म्हणाला, आणि नमाजाला गेला.

दुसऱ्या दिवशी इब्राहिमभायला माझ्या मानेवर लाल गांधी दिसली. "हे रे काय?"

"ढेकूण. तुझ्या गुदैबियाच्या गादीतला. आणि तोंड उघडलंस तर बघ."

जिंकलो असं वाटलं होतं. पण यासीन मूर्ख नव्हता. तो बापाला म्हणाला, ठीक आहे, चावत नाही. पण खाण्यात पडतो ना? लोक पैसे देऊन किडे खातील? खरं होतं. चिलटं पडायचीच. बत्ती पाण्यापासून लांब लावा, सगळी तिकडे जातील, असं मी सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, आता हा मला शिकवणार! हाजीही माझ्याकडे वळला. "सखाराम, इसका फायदा क्या?"

फायदा! काही प्रश्नांना तोंडानं उत्तर नसतं. शुक्रवार होता, साहेबही आलेला. मी माझं ध्यान काढलं, झावळीचा दांडा घेतला, आणि हाजीसमोर एकामागून एक सात बुल्टी काढले. साहेबाला त्याच्या तरंगत्या माशीवर एकही नाही. मग सातांतला सगळ्यात मोठा दगडावर ठेवला आणि चाकूनं पोट उघडलं. पिशवी कापून पाण्याच्या वाटीत सोडली. वाटी काळीतांबडी झाली. चिलटं शेकड्यांनी होती, अर्धी उकललेली, पंख आत मिटलेले. हाजीनं वाटी डोळ्यांजवळ नेली.

"सब ये?"

"सब ये. ये खलास, तो मछली खलास. मछली खलास, तो पाट में सिर्फ पानी."

साहेबानंही काहीतरी इंग्रजीत यासीनला सांगितलं, लांबलचक. यासीननं मान दुसरीकडे फिरवली. हाजी अरबीत बोलला ते मला कळलं नाही, पण ड्रमकडे काठी दाखवून बोलला, आणि शेवटी खलास म्हणाला. संध्याकाळी इब्राहिमभायच्या पिकअपमध्ये दोडक्यांच्या आणि कोथिंबिरीच्या मध्ये बसून ड्रम गेला. कुठे गेला ते मी विचारलं नाही. हाजी असेपर्यंत पाटात औषध पडलं नाही, हे मात्र मला नंतर कळत राहिलं.

पुढे काही वर्षांनी झराच आटला म्हणे. आजूबाजूला बोअर मारल्या, पाणी खोल खोल गेलं. इब्राहिमभाय फोनवर हळू आवाजात सांगत होता, मला वाईट वाटेल म्हणून. वाटलंच. पण लोक जेव्हा म्हणतात, बघ, शेवटी गेलंच ना सगळं, मग कशाला भांडलास, तेव्हा माझं डोकं फिरतं. माणूस शेवटी मरतोच, म्हणून कोणी त्याला आजच विष देत नाही. त्या पाण्याला त्याचे राहिलेले मोसम मिळाले. प्रत्येक मोसमात संध्याकाळ होती, आणि प्रत्येक संध्याकाळी ती चिलटं पडद्याखाली थांबली, विचार केला, आणि बाहेर पडली. एवढं झालं. झालेलं कोणी आटवू शकत नाही.

माझा वीजा त्याच उन्हाळ्यात संपत होता. हाजी आजारी पडला होता आणि कागद यासीनकडे गेले होते. इब्राहिमभाय म्हणाला, हाजीच्या कानावर घाल. मी घातलं नाही. आजारी माणसाच्या उशाशी जाऊन स्वतःसाठी मागायचं, ही आमच्याकडची रीत नाही. यासीननं मला बोलावलं. टेबलावर माझा पासपोर्ट, पंखा लावलेला, थंड पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवलेली. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "एक बार सॉरी बोल. मेरे सामने. फिर दो साल लगा दूँगा."

दोन वर्षं. दोन लग्नं, चार भिंती. मी बाटलीकडे बघत उभा राहिलो. सॉरी हा शब्द मला येत होता. बसमध्ये धक्का लागला तरी म्हणतो माणूस. पण हा कशाचा सॉरी? खरं बोललो त्याचा?

अरबीतला मला येणारा सगळ्यात लहान शब्द मी वापरला. "ला," म्हटलं. नाही.

घरी आलो तेव्हा आमची ही अंगणात भात वाळत घालत होती. पेटी बघूनच ओळखलं तिनं.

"काढलं?"

"काढलं."

"कशापायी?"

"चिलटांपायी."

ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. मग शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "ऐकलंस का गं? लोकांचे नवरे सायबाशी भांडून येतात, आमचे चिलटांपायी आले!" त्या वर्षी वाडीत ती हे सगळ्यांना सांगत फिरली. लग्नं दोन वर्षं लांबली, थोरलीला चांगलं आलेलं एक स्थळ परत गेलं, खिडक्यांना तीन पावसाळे गोणपाटं लावली. सगळं सोसलं, तिनं माझ्याहून जास्त. पण सांगताना तिच्या आवाजात मला कधी लाज ऐकू आली नाही. आणि अजून कोणी नवा माणूस घरी आला आणि विचारू लागला, की काका, बहरीन का सोडलंत, तर मी आधी त्याला बसायला सांगतो, आणि मग तेच सांगतो. चिलटांपायी.